‘सूतोवाच’ म्हणजे कल्पना मांडणे की कामाचा आरंभ करणे?

मूळाक्षर यांचा प्रश्न :

एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला होता. त्यात ‘अध्यक्षांनी समारोपाच्या भाषणात ग्रंथालयाच्या विस्ताराचे सूतोवाच केले’ असे एक वाक्य होते आणि त्यातील एका शब्दावरून आम्हा तिघांत बराच वाद झाला. एका सहकाऱ्यांच्या मते सूतोवाच म्हणजे आरंभ. विस्ताराची एक वीटही रचली गेलेली नसताना त्याचे सूतोवाच झाले असे लिहिणे चुकीचे आहे. दुसऱ्या सहकारी बाईंना हा अर्थ मान्य नव्हता. मनातील कल्पनेच्या गुंड्याचे पहिले टोक लोकांच्या हाती देणे म्हणजे सूतोवाच, उरलेला धागा मागाहून उलगडतो, आणि त्यात सूत असल्यामुळे शब्दही ‘सुतोवाच’ असा ऱ्हस्व उकाराने लिहावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मी स्वतः हा शब्द इतकी वर्षे वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहे आणि त्याचा अर्थ संदर्भावरून ताडत आलो आहे. तो फोडून पाहण्याची वेळ आजवर आली नव्हती.

या शब्दाचे मूळ नेमके कोणते, तो ऱ्हस्व लिहावा की दीर्घ, आणि त्याने केवळ कल्पनेचा पहिला उच्चार दाखवावा की प्रत्यक्ष आरंभही दाखवावा, याविषयी जाणकारांनी सांगितल्यास मसुद्यातील ते वाक्य ठेवायचे की बदलायचे, हे मला ठरवता येईल.

पोथीबंद यांचा प्रतिसाद :

आपल्या सहकारी बाईंची उपपत्ती ऐकायला गोड आहे, परंतु धाग्याचा येथे काहीही संबंध नाही. या शब्दातील सूत हा माणूस आहे. पुराणे आणि महाभारत यांत जो निवेदक ऋषींना कथा सांगतो, त्याच्या बोलण्यापूर्वी ‘सूत उवाच’ म्हणजे ‘सूत म्हणाला’ असे दोन शब्द येतात, आणि त्या दोन शब्दांचा मराठीने एक शब्द केला.

सूत हे मुळात व्यक्तीचे नाव नसून वर्गाचे नाव आहे. क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांच्या संततीला मनुस्मृतीने सूत म्हटले आहे आणि घोडे व रथ सांभाळणे हे त्याचे काम सांगितले आहे. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवले जाई ते अधिरथ या सारथ्याने त्याला वाढवले म्हणून. रथ हाकणाऱ्याला राजांचे पराक्रम जवळून पाहायला मिळत आणि त्यांच्या वंशावळी व गाथा तोंडपाठ ठेवणे हेही सूतांकडेच असे. धृतराष्ट्राला युद्धाची वार्ता सांगणारा संजयही सूतच होता. पुराणांतला सूत म्हणजे व्यासांचा शिष्य रोमहर्षण, ज्याला लोमहर्षणही म्हणतात, किंवा त्याचा पुत्र उग्रश्रवा. महाभारताच्या आदिपर्वाची सुरुवातच अशी आहे की नैमिषारण्यात शौनक कुलपतीचे बारा वर्षांचे यज्ञसत्र चालू असताना उग्रश्रवा तेथे येऊन पोहोचतो आणि ऋषी त्याच्याभोवती कथा ऐकण्यासाठी जमतात. भागवताच्या दशम स्कंधात तर अशी कथा आहे की बलराम आला असता उच्चासनावर बसलेला रोमहर्षण उठला नाही, म्हणून बलरामाने दर्भाच्या टोकाने त्याचा वध केला. तेव्हा ते आसन आम्हीच त्याला दिले होते असे ऋषींनी सांगितले आणि पुढे त्याच्या पुत्राला त्या जागी बसवण्यात आले. सारथ्याच्या कुळातला माणूस बोलू लागला की यज्ञाला बसलेल्या ऋषींनीही ऐकत राहायचे, एवढा मान कथा सांगण्याला होता.

आता ‘सूत म्हणाला’ यातून ‘आरंभ’ हा अर्थ कसा निघाला, हा खरा प्रश्न आहे, कारण पोथीत ‘सूत उवाच’ एकदाच येत नाही. बोलणारा बदलला की ते पुन्हा येते. माझ्या मते याचे उत्तर श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर मिळते. भागवताचा पहिला अध्याय ऋषींच्या प्रश्नांतच संपतो आणि सूताचे उत्तर दुसऱ्या अध्यायात सुरू होते. सत्यनारायणाच्या कथेतही आधी शौनकादी ऋषी विचारतात आणि मग ‘सूत उवाच’ येते. नमन झाले, प्रश्न झाले, पण कथा अजून हलली नाही, अशा स्थितीत ऐकणाऱ्याचे कान ज्या दोन शब्दांकडे लागलेले असतात ते हे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या समाजात ‘सूतोवाच झाले’ म्हणजे ‘आता विषयाला तोंड फुटले’ असा अर्थ रुळणे स्वाभाविक होते.

विसर्ग यांचा प्रतिसाद :

वरील विवेचन पटण्यासारखे आहे. त्यात संधीविषयी भर घालावीशी वाटते, कारण संस्कृतच्या नियमांनी पाहिले तर ‘सूतोवाच’ हा संधी होतच नाही.

सूतः आणि उवाच ही दोन पदे शेजारी आली की सूतः मधला विसर्ग लोप पावतो आणि दोन्ही पदे तशीच सुटी राहतात. गीतेत पाहावे : ‘धृतराष्ट्र उवाच’, ‘संजय उवाच’, ‘अर्जुन उवाच’ ही सगळी सुटी आहेत, जोडलेले आहे ते ‘श्रीभगवानुवाच’, कारण तेथे विसर्ग नसून शेवटी न् आहे. विसर्गाच्या आधी इकार असता तर र् झाला असता, आणि म्हणूनच महाभारताच्या काही आवृत्त्यांत याच निवेदकासाठी ‘सौतिरुवाच’ (सौतिः म्हणजे सूताचा पुत्र) असे छापलेले आढळते. लोपानंतर उरलेले अ आणि उ एकत्र येऊन ओ का होत नाहीत, याचे उत्तर पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’ या व्याकरणग्रंथाच्या रचनेत आहे. विसर्गाच्या जागचा हा लोप अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत सांगितला आहे, आणि ‘पूर्वत्रासिद्धम्’ या सूत्रामुळे त्या पादांतील कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेलेच नसते. अ आणि उ यांचा ओ करणारा गुणसंधीचा नियम सहाव्या अध्यायात आहे. त्याला तो लोप दिसतच नाही, त्याच्या लेखी मध्ये अजून कोणीतरी उभा आहे.

मग ‘सूतोवाच’ आले कोठून? ते मराठीने घडवले. मराठीत शब्द विसर्गाशिवाय ‘सूत’ असाच वावरतो, आणि सूर्य व उदय मिळून जसा सूर्योदय, तसे सूत व उवाच मिळून सूतोवाच, अशी जोडणी मराठी कानाने केली. संस्कृतच्या एखाद्या कडक शिक्षकाने यावर लाल रेघ ओढली असती. परंतु शब्द मराठी असल्यामुळे त्याला मराठीचा न्याय लावला पाहिजे, असे माझे मत आहे. ‘उवाच’ हे क्रियापदाचे परोक्षभूतकाळाचे रूप आहे, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या जुन्या गोष्टीसाठी वापरायचे रूप. मराठीने त्याच्या शेवटी नपुंसकलिंग चिकटवले आणि ‘सूतोवाच केले’ असे नाम करून टाकले. हे काही एकटे उदाहरण नाही. ‘या प्रस्तावावर बरीच भवति न भवति झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘होते, होत नाही’ अशी दोन क्रियापदे नामाचे काम करीत असतात. ‘तथास्तु’ आणि ‘त्राहि त्राहि’ यांचीही तीच गोष्ट आहे.

ऱ्हस्व-दीर्घाविषयी : सू दीर्घच हवा. जोडणी मराठी असली तरी त्यातील सूत हा शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. धागा या अर्थाचे सूत संस्कृत सूत्रापासून प्राकृत सुत्त या वाटेने आलेले असल्यामुळे ते तद्भव आहे आणि विभक्ती लागताच त्याचा ऊकार ऱ्हस्व होतो. सुताने स्वर्गाला जाणे या म्हणण्यात तो तसा दिसतो. कथा सांगणारा सूत तत्सम असल्याने त्याचा ऊकार दीर्घच राहतो. म्हणजे ‘सुताने बांधले’ आणि ‘सूताने सांगितले’ या दोन वाक्यांत केवळ उकारावरून धागा आणि माणूस वेगळे ओळखता येतात. आपल्या सहकारी बाईंची गल्लत येथेच झाली असावी. (रसशास्त्रात पाऱ्यालाही सूत म्हणतात, हे जाता जाता सांगतो, त्याचा या वादाशी संबंध जोडण्याचा मोह मात्र कोणी धरू नये.)

मूळाक्षर :

दोघांचेही आभार. धाग्याचा गुंता सुटला आणि दीर्घ ऊकारही निश्चित झाला. परंतु मूळ कळल्यावर माझी अडचण उलट वाढली आहे. सूत स्वतःची कथा सांगत नाही. व्यासांनी रचलेले महाभारत वैशंपायनांनी जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले, तेथे ते उग्रश्रव्याने ऐकले आणि मग नैमिषारण्यात येऊन सांगितले, असा क्रम आहे. सत्यनारायणाच्या कथेतही सूत तोंड उघडतो ते ‘नारदांनी हाच प्रश्न भगवंतांना विचारला होता’ असे सांगण्यासाठी. मग अध्यक्ष जेव्हा स्वतःच्या डोक्यातली, पूर्वी कोणीही न मांडलेली योजना प्रथमच सांगतात, तेव्हा त्याला सूतोवाच म्हणणे हे मूळ अर्थाच्या अगदी उलट होत नाही काय? सूताकडे झालेली गोष्ट असते. अध्यक्षांकडे व्हायची गोष्ट आहे.

रानवाट यांचा प्रतिसाद :

उलट होते हे खरे, पण शब्दाच्या मुळाला त्याच्या आजच्या अर्थावर मालकी सांगता येत नाही. ज्याला आपण उपक्रम म्हणतो त्याचे उदाहरण घ्यावे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे आणि उपक्रम म्हणजे कशाजवळ तरी टाकलेले पहिले पाऊल, म्हणजेच आरंभ. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे हे सांगणाऱ्या मीमांसकांच्या प्रसिद्ध श्लोकाची सुरुवात ‘उपक्रमोपसंहारौ’ अशी आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचे तात्पर्य तपासताना हीच कसोटी पुढे ठेवली. तेथे उपक्रम म्हणजे ग्रंथाची सुरुवात आणि उपसंहार म्हणजे शेवट. आज मात्र एखादा उपक्रम वीस वर्षे चालतो आणि त्याचा शेवट झाला तरी आपण ‘तो उपक्रम बंद पडला’ असे म्हणतो. आरंभाचा शब्द संपूर्ण कार्याला लागू झाला. उपसंहार मात्र जेथे होता तेथेच राहिला, त्यामुळे त्या जोडीतला एक घर सोडून गेला आणि दुसरा घर राखीत बसला, अशी स्थिती झाली आहे.

सूतोवाचाने याच्या विरुद्ध दिशेने प्रवास केला आहे. तेथे अर्थ फुगला नाही, आकसला. कथेच्या आरंभापासून तो कोणत्याही विषयाच्या आरंभाकडे आला आणि तेथून विषयाच्या केवळ पहिल्या उल्लेखापाशी येऊन थांबला. आजच्या वापरात सूतोवाच म्हणजे पुढे येऊ घातलेल्या गोष्टीचा अधिकारी माणसाने केलेला पहिला, बहुधा मोजक्या शब्दांतला उच्चार. ‘मंत्र्यांनी नव्या धोरणाचे सूतोवाच केले’ याचा अर्थ धोरण जाहीर झाले असा कोणी घेत नाही आणि ते सुरू झाले असा तर मुळीच घेत नाही.

आरंभाचे इतर शब्द शेजारी ठेवले की याची जागा अधिक स्पष्ट होते. श्रीगणेशा हा कामाचा होतो. पोथीच्या डोक्यावरच्या ‘श्रीगणेशाय नमः’ मधला चतुर्थीचा य गळून तो शब्द तयार झाला. ओनामा हा शिकण्याचा होतो, कारण मुलांना अक्षरे गिरवण्यापूर्वी ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणायला लावीत, त्यातून ‘ओनामासीधं’ आणि पुढे नुसता ओनामा उरला. म्हणूनच ‘त्याला या विषयाचा ओनामाही ठाऊक नाही’ हे वाक्य जमते आणि तेथे श्रीगणेशा बसत नाही. मुहूर्तमेढ रोवावी लागते, कारण मेढ म्हणजे मांडवाचा खांब आहे. तिला हात लागतात, माती लागते. सूत्रपात हा शब्द मोजणीच्या दोरीवरून आला आणि हिंदीत तो सर्रास चालतो, मराठीत त्या मानाने कमी. नांदीला नाटकाचा वास आहे आणि अलीकडे ती अनेकदा काही वाईट घडण्यापूर्वीही वाजते. या सगळ्यांत केवळ बोलण्याने होणारा आरंभ एकच आहे, आणि तो सूतोवाच. तेव्हा आपल्या पहिल्या सहकाऱ्यांना असे सांगावे की वीट रचली गेली नाही म्हणूनच तेथे सूतोवाच शोभते. वीट रचली गेली असती तर पायाभरणी म्हणावे लागले असते.

पोथीबंद :

रानवाट यांच्या वर्गीकरणाशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि ‘मूळाला मालकी सांगता येत नाही’ हे विधान मला फार सैल वाटते. मूळाचा एक अंश या शब्दात अजूनही जिवंत आहे, आणि वर्तमानपत्री वापरात तोच मारला जात आहे. सूत बोलला की पुढे अध्यायांमागून अध्याय येतात. कोणताही सूत एक वाक्य बोलून उठून जात नाही. सूतोवाचानंतर विस्तार अपेक्षित असतो. एखाद्या नेत्याने पत्रकारांच्या प्रश्नाला ‘पाहू या’ असे उत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी ‘पक्षांतराचे सूतोवाच’ असा मथळा आला, तर तेथे सूतही नाही आणि उवाचही नाही. त्याला फार तर संकेत म्हणावे. संकेत न बोलताही देता येतो, खुणेने, मौनाने, अनुपस्थितीने. सूतोवाचाला तोंड उघडावे लागते आणि विषयाचे नाव घ्यावे लागते.

मूळाक्षर यांनी काढलेली शंकाही मला तितकी बिकट वाटत नाही. सूत दुसऱ्याची कथा सांगतो हे खरे, परंतु ज्यांच्यापुढे तो बोलतो त्यांच्या दृष्टीने ती प्रथमच प्रकट होते. अध्यक्षांनी योजना स्वतः रचली असो की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ऐकलेली असो, सभासदांच्या दृष्टीने ते पहिले प्रकटन आहे. किंबहुना पदाधिकारी जे मांडतात ते पुष्कळदा आधी कुठेतरी ठरलेलेच असते, त्यामुळे त्यांना सूत म्हणणे अनेकदा आपल्याला वाटते त्याहून अधिक अचूक ठरते.

विसर्ग :

संकेत आणि सूतोवाच यांतील भेद मान्य. मात्र विस्तार झालाच पाहिजे ही अट मी घालणार नाही. ‘सूतोवाच झाले, पण पुढे काहीच हलले नाही’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे आणि आपण ते तक्रारीच्या सुरात नेहमी वापरतो. विस्ताराची अपेक्षा शब्दात आहे, हमी नाही. त्या अपेक्षेमुळेच तर त्या वाक्यात तक्रार उमटते. संकेत मिळाला आणि पुढे काही झाले नाही, यात तेवढी निराशा नसते.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. ज्याचे सूतोवाच करायचे त्याला षष्ठी लागते, म्हणजे ‘विस्ताराचे सूतोवाच’. ‘विस्तार करणार असल्याचे सूतोवाच’ हेही चालते आणि बातम्यांत तेच अधिक दिसते. ‘विस्ताराबद्दल सूतोवाच दिले’ असे मात्र लिहू नये. सूतोवाच ही देण्याची वस्तू नाही, करण्याची क्रिया आहे. ‘दिले’ हे क्रियापद संकेतावरून घसरून इकडे आलेले दिसते.

मूळाक्षर :

ही चर्चा मी सहकाऱ्यांना वाचायला दिली. पहिल्या सहकाऱ्यांनी वीट आणि पायाभरणी यांचा भेद मान्य केला. सहकारी बाईंनी उकार मान्य केला, परंतु धाग्याची उपपत्ती चुकीची असली तरी सुंदर आहे, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवला आहे. अहवालातील वाक्य आहे तसेच ठेवत आहे.

सहकाऱ्यांनी आणखी एक शंका काढली आहे. त्याच अहवालाच्या शेवटी ‘येथे या वृत्तांताची इतिश्री करतो’ असे चिटणिसांनी लिहिले आहे. सूतोवाच जर पोथीतून आले असेल, तर इतिश्रीही तिथूनच आली काय?

पोथीबंद :

होय, त्याच पोथीतून, फक्त दुसऱ्या टोकाकडून. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ‘इति श्रीस्कन्दपुराणे रेवाखण्डे’ अशा धर्तीची समाप्तीची ओळ असते. त्या ओळीतले पहिले दोन शब्द तेवढे कानात राहिले आणि त्यांची मराठीत ‘इतिश्री’ झाली. त्यातला श्री खरे म्हणजे पुढच्या ग्रंथनामाचा मान आहे. त्याला नावापासून तोडून ‘इति’ला जोडले गेले, आणि सूतोवाच जसे नपुंसकलिंगी झाले तशी ही स्त्रीलिंगी झाली. चिटणिसांचे वाक्य बरोबर आहे. फक्त इतिश्री हा शब्द आता बहुधा ‘एकदाचे संपवले’ या किंचित उपरोधाच्या छटेने वापरला जातो, हे त्यांच्या कानावर घालावे. वार्षिक अहवालात ‘येथे हा वृत्तांत पूर्ण होतो’ एवढे पुरेसे आहे.